पावसात बंदूक न्यायची तर

बंदूक पावसानं गंजते असं सगळेच म्हणतात. सावंतवाडीकडच्या जुन्या शिकाऱ्यांना विचारलं असतं, तर त्यांनी आधी स्वतःचा तळहात पुढे केला असता. पावसाचं पाणी तसं बिनमिठाचं. घामात मीठ असतं, आणि काही माणसांचा घाम असा कडक, की संध्याकाळी नळीला हात लागला तर सकाळी बोटांचे ठसे तांबूस उमटलेले. आमच्या आजोळी असा एक हाकारी होता. डुकराचा माग काढण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता, पण आजोबा बंदुकीला त्याचा हात लागू द्यायचे नाहीत. "तेच्या हाताक मीठ आसा," एवढंच म्हणायचे. तोही हसून हात पाठीमागे बांधून उभा राहायचा. त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही आहे, असं दोघांनाही वाटत नसे.

मी सांगतोय ते १९६०च्या दशकातलं कोकण. शिकार परवान्यावर चालायची. वन्यजीव संरक्षण कायदा यायला १९७२ साल उजाडायचं होतं. गावात बंदुका मोजक्याच. बऱ्याचशा ठासणीच्या, शेतीच्या राखणीसाठी मिळालेल्या परवान्यावरच्या. एखाद्याकडे एकनळी. रायफल म्हणावी तर इशापूरच्या कारखान्यातली ३१५, तीही पलटणीतून निवृत्त होऊन आलेल्या एका सुभेदारांकडे. लष्कराची ३०३ सामान्य माणसाला बंद, म्हणून तिच्याच घडणीवर हा वेगळा बोअर काढलेला. आजोबांची दुनळी बर्मिंगहॅमची, बारा बोअर, अक्रोडाच्या दस्त्याची. नळ्यांचा रंग धड काळा नव्हे, धड निळा नव्हे. पिकल्या जांभळावरची पांढुरकी साय बोटानं पुसली की खाली दिसतो तसा. मधोमध, जिथे बंदूक उचलताना मूठ बसायची, तिथे मात्र तो रंग केव्हाच गेला होता आणि पोलाद उघडं पडून रुपेरी झालं होतं. तिथे गंज कधी दिसला नाही. रोज हात, आणि हातामागून रोज तेलाची चिंधी.

गंमत अशी की कोकणात बंदुकीची खरी गरज पावसातच. भादव्यात भात पोटरीला येतं आणि डुकरं शेतात उतरतात. वर आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. खाली आमच्याकडे त्याच्या निम्मा धरला तरी तो चार महिन्यांत कोसळायचा. माचावर रात्र काढायची, वर झापांचं छप्पर, बाजूनं झड. म्हणजे उन्हाळाभर कोरड्या भिंतीवर टांगलेलं हत्यार हवेला हात लावला तर ओला होईल अशाच दिवसांत बाहेर काढायचं.

काडतुसं तेव्हा कागदी नळकांड्यांची. दमट हवेत कागद फुगायचा आणि काडतूस नळीत शिरायलाच तयार होत नसे. डुक्कर समोर, आणि बंदूक उघडी धरून माणूस अंगठ्यानं काडतूस दाबतोय, असा प्रसंग गावातल्या बहुतेकांनी एकदा तरी अनुभवलेला. म्हणून काडतुसं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, झाकणाच्या कडेला मेण लावून ठेवायची. पुढे प्लॅस्टिकची नळकांडी आली आणि हा सगळा खटाटोप एका झटक्यात संपला. बंदुकीच्या हवामानाशी चाललेल्या लढाईत सर्वांत मोठा विजय नळीच्या मुलाम्यानं नव्हे, या स्वस्त प्लॅस्टिकनं मिळवला, असं माझं मत आहे. पण त्याच्या जाहिराती कोणी केल्या नाहीत.

बार उडाल्यावरचं काम ठरलेलं. ठासणीची असो की काडतुसाची, पहाटे घरी आल्यावर आधी चुलीवर पाण्याचं तपेलं चढायचं. आजोबा दस्ता वेगळा करायचे, नळ्या परसातल्या दगडावर तिरक्या धरायचे आणि वरून कढत पाणी ओतायचे. खालून आधी शाईसारखं काळं, मग राखाडी, मग निवळ पाणी यायचं. तोवर नळी हाताला चटका बसेल इतकी तापलेली असायची, त्यामुळे आतला ओलावा आपोआप उडून जायचा. मग गजाला चिंधी, चिंधीला खोबरेल. मी एकदा तेलाची वाटी आधी पुढे केली, तेव्हा ते म्हणाले होते, "झिला, आधी कढत पाणी, मगे तेल. उलटां केलंस तर नळी कुजली म्हणान समज."

त्यामागचं रसायनशास्त्र मला फार नंतर कळलं. काळ्या दारूत पंचाहत्तर टक्के शोरा, पंधरा टक्के कोळसा, दहा टक्के गंधक. ती जळली की निम्म्याहून अधिक वस्तुमान घन रूपात मागे राहतं, त्यात पोटॅशियमचे क्षार, आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतात. काडतुसांच्या जुन्या टोप्यांतही पोटॅशियम क्लोरेट असायचं. स्फोटानंतर त्याचं क्लोराइड होतं, म्हणजे मिठाचंच भावंड. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. वर तेल लावलं तर मीठ तेलाखाली सुरक्षित राहतं आणि आपलं काम करत बसतं. आता टोप्यांची रसायनं बदलली आहेत, कढत पाण्याची गरज उरलेली नाही. काळ्या दारूवर हौसेनं नेम धरणारे लोक मात्र जगभर अजून पाणीच वापरतात.

मृगाच्या आधी दस्त्याला जवसाचं तेल चोळायचं काम माझ्याकडे असे. पातळ थर, तळहाताची ऊब येईपर्यंत चोळायचं, दोन दिवस थांबायचं, पुन्हा पातळ थर. दस्त्याच्या टोकाची पट्टी दोन स्क्रू काढून उघडायची आणि आतल्या लाकडाच्या उघड्या तोंडाला वितळलेलं मेण पाजायचं. लाकूड पाणी पितं ते याच तोंडातून. बाहेरून आरशासारखं चकचकीत वॉर्निश दिलेल्या महागड्या बंदुकांतही ही पट्टी उघडली तर आत लाकूड कोरंच सोडलेलं आढळतं. सुभेदारांची रायफल श्रावणात दरवर्षी थोडी डावीकडे मारायची. लाकूड फुगून नळीला एका अंगानं रेटायचं, दुसरं काही नाही. त्यांनी तो दोष दुरुस्त केला नाही. नवरात्रापर्यंत ते उजवीकडे धरायचे, नंतर सरळ.

पाऊस ओसरला की खंडेनवमी. कोयता, नांगराचा फाळ, आणि पाटावर झेंडूच्या माळेत बंदूक. पूजेच्या निमित्तानं ती शेवटच्या स्क्रूपर्यंत खोलली जायची, हेच त्या दिवसाचं मोल. कोडगूमधले कोडवा लोक भाताची लावणी उरकल्यावर कैलपोळ्द सणात बंदुका पूजतात; त्यांना तर जमातीच्या नात्यानं परवान्यातून सूटच आहे. पश्चिम घाटातल्या या दोन्ही मुलखांत पावसाच्या आसपासच हत्यारांचा सण यावा, हा योगायोग नसावा असं मला वाटतं.

पुढे मी कोल्हापुरात प्लेटिंगचं शॉप काढलं आणि आयुष्याची चाळीसेक वर्षं गंजाशी धंदा म्हणून भांडलो. जस्त, निकेल, क्रोम, आणि सर्वांत जास्त ब्लॅकोडायझिंग. नट-बोल्टांना काळं करायचं हे काम बंदुकीच्या निळाईचंच सख्खं भावंड आहे, हे गिऱ्हाइकांना सांगितलं तर खोटं वाटायचं. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट यांचं घट्ट द्रावण, एकशे चाळीस अंशांच्या आसपास तापमान, अर्धा तास बुडवणं. पोलादाच्या पृष्ठभागाचं लोहाच्या काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर होतं. थर इतका पातळ, की नुसता तो गंज फारसा अडवत नाही. त्याचं खरं काम तेल धरून ठेवणं. तेल पुसलं गेलं की निळाई म्हणजे नुसता रंग.

एकदा एक गृहस्थ आजोबांच्यासारखीच दुनळी घेऊन आले. काळी करून द्या म्हणाले. मी हात जोडले. एक तर बंदुकीचं काम करायला वेगळा परवाना लागतो. दुसरं, दुनळीच्या दोन नळ्या आणि त्यांच्यामधली पट्टी कथिल-शिशाच्या डाकानं जोडलेली असते. उकळतं कॉस्टिक तो डाक खाऊन टाकतं. गृहस्थांना पटलं नाही. त्यांनी दुसरीकडून करून घेतलं. महिनाभरानं भेटले तेव्हा रंग झकास होता आणि पट्टी नखानं उचलली जात होती.

जुने कारागीर दुनळीला वेगळ्या रीतीनं रंग चढवायचे. नळीला आम्लाचं पाणी पुसायचं, ती दमट पेटीत रात्रभर गंजू द्यायची, सकाळी साध्या पाण्यात उकळायची म्हणजे तांबडा गंज काळा होतो, मग तारेच्या मऊ ब्रशनं वरची भुकटी झाडायची. हे सहा-सात वेळा, कधी आठवडाभर. अर्ध्या तासात काळं करून देणारा मी. पण त्या रंगाची खोली माझ्या टाकीतून कधी आली नाही, हे कबूल करायला मला काही वाटत नाही. टिकाऊपणातही तो थर किंचित सरसच.

गेल्या काही वर्षांत लेकाकडे जाणं होतं. तो ओरेगॉनमध्ये पोर्टलंडजवळ राहतो. त्याचा शेजारी नोव्हेंबरात किनाऱ्यालगतच्या डोंगरांत एल्क हरणांच्या शिकारीला जातो. तिकडे परवाना काढून, ठरलेल्या हंगामात ती रीतसर चालते. त्याला नवी रायफल घ्यायची होती. मी प्लेटिंगवाला म्हणून सल्ल्याला बरोबर. दुकानात शिरल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती वासाची. आजोबांच्या बंदुकीला तेलाचा, धुराचा, जवसाचा वास होता. इथे नव्या गाडीच्या आतला वास.

भिंतीवर रायफली ओळीनं. राखाडी, वाळूच्या रंगाच्या, शेवाळी, पानांची नक्षी छापलेल्या. अक्रोडाच्या आणि निळ्या नळीच्या एका कोपऱ्यात, जुन्या मालाच्या विभागात. त्यातच एक विंचेस्टर मॉडेल ७०, १९६४च्या आधीची. हे मॉडेल १९३६ साली आलं. १९६४ साली खर्च वाचवण्यासाठी घडण बदलली, तेव्हापासून आधीच्या मालाला संग्राहक जास्त पैसे मोजतात. दुकानदारानं सांगितलं की अशा बंदुकीला कुणी हौसेनं नवी निळाई चढवली तर तिची किंमत पडते. मुठीखालचा उडालेला रंग तसाच हवा. हे ऐकून मला आजोबांच्या नळीचा तो रुपेरी पट्टा आठवला, आणि आपल्याकडे कोणी त्याचे दोन रुपये जास्त दिले नसते हेही.

पावसाच्या बाबतीत तो मुलूख आपल्याला जवळचा. शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातल्या हो नावाच्या वर्षावनात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, म्हणजे आपल्या तळकोकणाएवढा. पण तो थंड, बारीक आणि महिनोन्‌महिने चालणारा. थंडीत गंजाची रासायनिक क्रिया मंदावते, पण ओल सुकायला संधीच मिळत नाही. आणि खरी मेख जंगलात नसून घरी परतताना असते. गारठलेली रायफल गरम गाडीत किंवा खोपटात आणली की तिच्या अंगावर, आत, नळीत, सगळीकडे दव धरतं. जाणते लोक रात्री रायफल बाहेरच्या थंड पडवीत ठेवतात, किंवा आत आणली तर लगेच खोलून पुसतात. आपल्या आजोबांना हा त्रास नव्हता. घर आणि रान, दोन्ही सारखंच ओलं.

दुकानदारानं आधी स्टेनलेस दाखवली. शेजाऱ्याचा समज असा की स्टेनलेस म्हणजे गंजमुक्त. मी त्याला लेकाच्या घरातली ताट-वाटी आठवायला सांगितली. आपल्या ताटांच्या चांगल्या स्टीलमध्ये अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल. रायफलीच्या नळीला बहुधा ४१६ जातीचं स्टील वापरतात. त्यात क्रोमियम बारा-चौदा टक्के, निकेल जवळजवळ नाही, आणि लेथवर सहज कापलं जावं म्हणून मुद्दाम घातलेलं गंधक. गंधकामुळे काम सोपं होतं आणि गंजाला फट मिळते. म्हणजे तीन हजार डॉलरच्या रायफलीची नळी पोहे खायच्या ताटलीपेक्षा लवकर डाग धरते. साध्या पोलादापेक्षा कितीतरी उशिरा, हे खरं. पण घामाचं मीठ आणि ओला खोका मिळाला तर धरतेच. त्या शेजाऱ्याच्याच एका मित्राची स्टेनलेस रायफल शिकारीहून आल्यावर स्पंजाच्या अस्तराच्या पेटीत तशीच बंद राहिली होती. स्पंजानं पाणी धरून ठेवलं, आणि जिथे जिथे तो टेकला तिथे तिथे बारीक खड्डे. आजोबा चामड्याच्या म्यानाला नावं ठेवायचे ते याच कारणासाठी. म्यानं बदलली, ओल तीच.

मग लेपांची पाळी आली. सिरॅकोट नावाचा सिरॅमिक मिसळलेला पॉलिमरचा लेप हल्ली सगळीकडे आहे. त्याचा कारखाना ओरेगॉनच्याच व्हाइट सिटी गावात, त्यामुळे दुकानदाराच्या बोलण्यात स्थानिक अभिमान. वाळूचा फवारा मारून पृष्ठभाग खरखरीत करायचा, लेप फवारायचा, भट्टीत भाजायचा. जाडी सुमारे पंचवीस मायक्रॉन. निळाईसारखा तो तेलावर अवलंबून नाही. धातू आणि पाणी यांच्यामध्ये सरळ आडोसा उभा करतो. दुकानदारानं मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीतले हजारो तासांचे आकडे सांगितले. माझ्या शॉपमधली जस्ताची कामं याच चाचणीतून जायची. पेटीत पस्तीस अंश तापमान, पाच टक्के मिठाच्या पाण्याचं अखंड धुकं. त्यातून एक लेप दुसऱ्यापेक्षा बरा की वाईट एवढं कळतं. इतके तास म्हणजे इतके पावसाळे, असं गणित मांडता येत नाही, कारण त्या पेटीत कुणी रायफल खडकावर आपटत नाही, काट्यातून ओढत नाही, गाडीच्या दारात चेमटवत नाही. लेपाला एक ओरखडा खोलवर गेला की तेवढीच जागा उघडी, आणि ती जागा तुम्हाला दिसेलच असं नाही. निळाई विरळ होत जाते, डोळ्यांदेखत. लेप टिकतो तोवर पूर्ण टिकतो.

नळीच्या आत मात्र तो लेप जातच नाही. जाऊन चालणारही नाही, आतलं माप हजारांश इंचात असतं. आतून जपायचं तर नळी क्रोमनं अस्तरायची, जसं दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्यांच्या लष्करी रायफलींना केलं होतं. किंवा नायट्रायडिंग करायचं. साडेपाचशे अंशांच्या वर तापलेल्या क्षारांच्या कढईत पोलाद ठेवलं की नायट्रोजन त्याच्या कातडीत मुरतो. वरून चढवलेलं काही नसतं, त्यामुळे सोलपटत नाही. आत-बाहेर दोन्हीकडे होतं, आणि भारी लेपांपेक्षा पुष्कळदा स्वस्त पडतं. मला विचाराल तर सगळ्या दुकानात हाच मुलामा सर्वांत शहाणा. पण तो नुसताच काळा दिसतो. त्यामुळे दर्शनी भिंतीवर त्याला जागा नव्हती.

पैशांचं म्हणाल तर असं. साधी, निळ्या नळीची, प्लॅस्टिकच्या दस्त्याची नवी रायफल पाचशे-सहाशे डॉलरला मिळते. स्टेनलेससाठी शंभर-दीडशे जास्त. ते खुशाल द्यावेत. प्लॅस्टिकच्या दस्त्याचे वेगळे पैसे पडतच नाहीत, आणि सुभेदारांच्या श्रावणातल्या डाव्या नेमाला त्यानं कायमचा निरोप दिला. १९५९ साली रेमिंग्टननं नायलॉनच्या दस्त्याची छोटी रायफल काढली तेव्हा लोकांनी खेळणं म्हणून नाक मुरडलं होतं. प्लॅस्टिकचा दस्ता हाताला पोकळ लागतो, फांदीला घासला की खडखडतो, त्याला वास नाही, रेषा नाहीत. पण तो फुगत नाही. या एका गुणासाठी मी बाकी सगळं माफ करतो. माफ करतो, आवडत नाही.

हजाराच्या पुढे जे चढत जातं ते वेगळं. कार्बन फायबर गुंडाळलेली नळी वजनासाठी. डोंगर चढणाऱ्या तरुणाला उपयोगी, गंजाशी तिचा संबंध थोडाच. तीन-तीन रंगांचे लेप, नळीवरच्या पन्हाळ्या, ब्राँझची झाक हे सगळं डोळ्यांसाठी. डोळ्यांसाठी खर्च करण्यात वाईट काही नाही; आजोबांच्या बंदुकीच्या कुलपावरही वेलबुट्टी कोरलेली होती, आणि ती डुकराला दिसत नव्हती. फक्त त्याला हवामानाचं नाव देऊ नये. स्टेनलेसवर पुन्हा लेप घ्यावा का, तर समुद्रकाठी राहणाऱ्यानं, अलास्कात होडीतून आठवडा-आठवडा फिरणाऱ्यानं, किंवा घरी आल्यावर रायफल पुसायचा कंटाळा येणाऱ्यानं घ्यावा. या तिसऱ्या जातीची माणसं हल्ली पुष्कळ. रविवारी रात्री उशिरा परत यायचं, सोमवारी सकाळी कामावर. आजोबांकडे पहाट होती, चूल होती, पाणी तापवायला आजी होती, तेलाची वाटी धरायला मी होतो. एवढा सगळा गोतावळा एका बंदुकीमागे असल्यावर पंचवीस मायक्रॉनची कुणाला गरज!

आजोबांची दुनळी आता मामेभावाच्या नावावर आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षं झाली, आणि एका माणसाकडे दोनच बंदुका. परदेशी बंदुकांची आयात सर्वसामान्यांना १९८०च्या दशकातच बंद झाली, त्यामुळे त्या ओरेगॉनी भिंतीवरचं काहीही आपल्याकडे यायचा प्रश्न नाही. गावातली बरीचशी शेतं पड आहेत. जी केली जातात त्यांना सौर झटक्याचं कुंपण. डुकरं त्याला बिचकतात, माकडं नाही. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर परत आणायची. गेल्या खेपेला मामेभावानं ती कॅनव्हासच्या पिशवीत घालून दिली आणि पिशवीसकट परत आणून तशीच कपाटात ठेवली. मी गेलो तेव्हा पिशवी काढली. आजोबांच्या मुठीखालचा रुपेरी पट्टा तांबूस झाला होता. बाकीची नळी, जिथे जुनी निळाई अजून शाबूत होती, तिथे फारसं काही बिघडलं नव्हतं. पट्ट्याला ना रंग होता, ना आता हात. बारीक लोखंडी लोकर तेलात भिजवून वरचा गंज काढला. खाली टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे राहिलेच. "आता ह्याचो उपेग काय?" मामेभावानं विचारलं. बंदूक रीतसर विकून परवाना परत करता येतो, हे मी त्याला सांगितलं. तो गप्प बसला, मग चहा टाकायला उठला.

शेजाऱ्यानं शेवटी स्टेनलेसची, साध्या प्लॅस्टिकच्या दस्त्याची, विनालेपाची रायफल घेतली. वाचलेले पैसे चांगल्या दुर्बिणीत घातले, कारण पावसात पहिली हार खाते ती काच. नळीच्या तोंडाला पाणी जाऊ नये म्हणून चिकटपट्टीचा तुकडा लावायची त्यांच्याकडची जुनी युक्ती त्यानं मला दाखवली. बार उडतो तेव्हा गोळीपुढची हवाच तो उडवून देते. हंगाम संपल्यावर त्यानं लेकाच्या फोनवर फोटो पाठवले. आठवडाभर पावसात राहून नळी स्वच्छ, दस्ता स्वच्छ. पट्टा अडकवायच्या दोन्ही कड्या मात्र लालभडक, आणि दुर्बीण बसवायच्या पकडीचे चारही स्क्रू. ते साध्या पोलादाचे होते, वरून नुसते काळे केलेले. माझ्या शॉपमध्ये शेकडा भावानं करून द्यायचो तसलंच काम. मी त्याला स्टेनलेसचे स्क्रू मागवायला सांगितलं, आणि ते येईपर्यंत आहेत त्यांना घट्ट ग्रीस.